गडग्यावरून आलेला ‘गेलो’

इनास,

त्या सकाळी मी बावीवरून, आमच्या विहिरीवरून, जे ओरडलो, ते तुला ऐकू गेलं का? मला एवढंच विचारायचं आहे. गेले एकवीस दिवस दुसरं काही सुचत नाही. शाळेत फळ्यावर गणित घालतो आणि अर्ध्यावर थांबतो, मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आये म्हणते, माझ्या झिलाक कोणाची तरी नदर लागली. तिला खरं काय ते सांगायची माझी हिंमत होत नाही.

तुझा जन्म कुठल्या सालचा, बोटीवर किती वर्षं स्वयंपाकी होतास, तुझ्या मागे कोण कोण आहे, हे सगळं पाद्रीबाबांनी इगर्जीत सांगितलं. ते बरोबरच असणार. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि मला सारखं वाटत होतं, आता तू पेटीतून उठून बसशील आणि म्हणशील, “ह्यां ऱ्हवांदे, पाद्रीबाबा. भायर बगा, पिंपळार कोण बसलोहा तो.” तसं काही झालं नाही. बाहेर पिंपळावर नुसते कावळे होते.

तुझ्या आणि माझ्या बागेमध्ये कमरेएवढा दगडांचा गडगा. त्याच्या एका बाजूला तू, एका बाजूला मी, आणि मध्ये दगडावर तुझी ती बोटीवरून आणलेली दुर्बीण, जिच्या एका डोळ्यातून धुकंच दिसायचं. आपली ओळख शेजारी म्हणून आधीची होती, पण दोस्ती झाली ती त्या गडग्यावर. मी तेव्हा नुकता मास्तर झालो होतो. मुलांना पक्ष्यांचा धडा शिकवायचो आणि मला स्वतःला कावळा, चिमणी, पोपट यापलीकडे काही येत नव्हतं. तू मला बांबूच्या बेटाकडे बोट दाखवून म्हणालास, “थंय पाचोळो हलता तो बग.” मी बघितलं. पाचोळा होता. “तू बगतंस रे, पण तुका दिसणा नाय,” असं म्हणून तू माझी मान दोन्ही हातांत धरून वळवलीस, हजामासारखी. तेव्हा मला नवरंग पहिल्यांदा दिसला. हिरवी पाठ, पंखावर निळा तुकडा, शेपटीखाली लाल, डोळ्यांवरून काळी पट्टी. पाचोळा उचकटून किडे खात होता. एवढा रंगीत जीव माझ्या घरापासून वीस पावलांवर दर पावसाळ्यात राहून जायचा आणि मला पत्ता नव्हता. मी मास्तर असल्याची मला लाज वाटली. ती लाज तू पुढं पंधरा वर्षं पुरवून पुरवून वापरलीस.

मग आपला तो खेळ सुरू झाला. पावसाबरोबर येणारा नवरंग शरदात, भात पिवळं पडलं की निघून जातो. आणि त्याच सुमाराला, दसऱ्याच्या आगेमागे, उत्तरेकडून परीट येतो, तो करडापांढरा, शेपटी हलवत मळ्यात चालणारा. एक जायचा, एक यायचा. आधी कोणाला कळतं यावर आपली पैज. पैजेत लावायला काही नव्हतं, नुसता गडग्यावरून ओरडायचा मान. परीट दिसला की तू ओरडायचास, “आयलो रे!” मी ओरडायचो, “इलो रे!” तुझं ‘आयलो’ गोव्याकडचं, आमचं ‘इलो’ मालवणचं, आणि त्यावरून आपण एकमेकांची किती टर उडवली आहे! ‘गेलो’ मात्र दोघांचं एकच होतं.

तू म्हणायचास, येणारा कोणीही ओळखतो, जाणारा ओळखायला अक्कल लागते. पक्षी आला तर तो दिसतो. गेला तर काय दिसणार? रिकामा पाचोळा. म्हणून तुझा नियम होता. तीन सकाळी बांबूखाली जाऊन बसायचं, तीनही सकाळी दिसला नाही तर चौथ्या सकाळी गडग्यावर यायचं आणि ‘गेलो’ म्हणायचं. त्याआधी म्हणेल तो खोटारडा.

आणि मी पडलो व्याकरणवाला. एकदा मी तुला सांगितलं की शुद्ध मराठीत ‘गेलो’ म्हणजे मी गेलो. दुसरा जातो तेव्हा ‘तो गेला’. माझ्या वर्गातली अर्धी पोरं निबंधात ‘बैल गेलो’ लिहितात आणि मी लाल शाईनं ‘गेला’ करतो. तू दुर्बीण खाली ठेवलीस. मग म्हणालास, “म्हणजे माणूस मेल्यार तुझ्या पुस्तकात तोच येवन सांगतलो, गेलो म्हणान?” मी हसून गडग्यावर लोळलो होतो. त्या संध्याकाळी घरी जाऊन हे आयेला सांगितलं, तर ती हसली नाही. तिन्हीसांजेला असलं काही बोलू नये म्हणाली.

आयेचं हे मला लागलेलं होतंच. मी कितीही शिकलो तरी घुबड दिसलं की माझा पाय अडखळतो, आणि तुला ते ठाऊक होतं. आठवतं, आपण वरच्या सड्यावर गेलो होतो, ससाणे बघायला? गवत वाळून पिवळं झालं होतं, कातळ तापला होता, सावली म्हणून कुठे नव्हती. एक टिटवी उठली आणि आपल्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. मी थांबलो. परत फिरूया म्हणालो. तू कातळावर बसून पोट धरून हसलास. “अरे, ती तुका बगून आरडता. सकाळीच ह्यो मास्तर आडवो आयलो, आता दिवस खंयचो बरो जाता, असां म्हणता ती. तिच्या घरात तू अपशकून!” नंतर मला गंभीरपणे म्हणालास, की पाखरांना आपलं काही पडलेलं नसतं, आणि हीच त्यांची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. माणसांना आपलं फार पडलेलं असतं. मी वाद घातला. तो वाद आपण दर शरदात काढायचो आणि अर्ध्यावर ठेवायचो.

बोटीवरची ती गोष्ट तू मला किती वेळा सांगितलीस. भर समुद्रात, चारही बाजूंना जमीन नाही, आणि एक परीट येऊन तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसला. तू त्याला बशीत पाणी दिलंस. खलाशांनी आरडाओरडा केला की हे पाखरू कुणाला तरी न्यायला आलंय, हाकला त्याला. तू हाकललं नाहीस. ते दोन दिवस राहिलं, भाताची शितं खाल्ली आणि एका सकाळी निघून गेलं. “कोण मेलां?” मी विचारायचो. “कोण नाय. माझो भात मात्र करपलो, त्येका बगता बगता.” गोव्याची हद्द बंद होती त्या वर्षांत तुझी बहीण पलीकडे होती आणि तू तिला बघू शकत नव्हतास. तेव्हा तू ही गोष्ट जास्त वेळा सांगायचास. परीट खाडी ओलांडून दक्षिणेला जाताना दिसला की टोपी काढायचास. मी तुला चिडवायचो. आज मला ते चिडवणं बरं वाटत नाही.

आता या वर्षाचं. मला हे लिहायचंच नव्हतं, पण लिहिल्याशिवाय तुला ते विचारता यायचं नाही.

पावसाळा संपता संपता तुझे पाय सुजले. दम लागायला लागला. तुझ्या बायकोनं, कातरीननं, तुझी खुर्ची खळ्यात, पुढच्या अंगणात, आणून ठेवली, बांबूकडे तोंड करून, आणि डॉक्टरांनी तुला तिथून हलायचं नाही असं सांगितलं. गडग्यापर्यंतची पंचवीस पावलंसुद्धा तुला बंद झाली. मग कातरीन निरोप्या झाली. तू खुर्चीतून सांगायचास, ती गडग्यावर येऊन ओरडायची, “मास्तरानू, हळद्यो आयलो!” “मास्तरानू, ते वाकड्या चोचीचे कांदळात आयले!” तिला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं. चुलीवरचं टाकून यायची, ओरडायची, जायची. मीही जिथे असेन तिथून उत्तर द्यायचो. मला वाटतं, तिला त्यात मजा येऊ लागली होती.

भाद्रपदात आमच्याकडे म्हाळ होता, बाबांच्या श्राद्धाचा. आयेनं कावळ्यासाठी वाडी काढून पान गडग्यावर ठेवलं. एक वाजला, दोन वाजले, कावळा शिवेना. आये घाबरीघुबरी झाली. तुझा खुर्चीतून आवाज आला, “मास्तरा, आयेक सांग, वाट बगू नको. कावळे सकाळपासून माझ्याकडे बांगड्याची आतडी खावन सुस्त पडलेहत.” खरंच तुझ्या पायाशी चारपाच बसले होते. मी हसलो, आयेनं तुला शिव्या घातल्या, आणि शेवटी एक कावळा आळस देत आला आणि भाताला चोच लावून गेला. त्या दिवसानंतर आपण मोकळं हसलो असं मला आठवत नाही.

कारण नवरंग जाईना. घट बसले, नवरंग होता. दसरा झाला, नवरंग होता. दर वर्षी एव्हाना बांबूखालचा पाचोळा रिकामा झालेला असायचा. यंदा तो तुझ्या खुर्चीच्या जवळ जवळ येत चालला होता. आधी बांबूखाली, मग रातांब्याच्या झाडाखाली, मग खळ्याच्या कडेला. शिटी घालत नव्हता. शरदात ते मुके होतात हे तूच शिकवलेलंस, तरी मला ते मुकेपण बरं वाटत नव्हतं. आणि परीट आले नव्हते. कापलेल्या मळ्यात एकसुद्धा नाही. दुपारी असं ऊन पडायचं की पान हलायचं नाही. एकदा मी गडग्याशी उभा होतो आणि साळुंक्या, बुलबुल, खारी सगळे एकदम गप्प झाले. वर कुठेतरी ससाणा असणार. त्या शांततेत फक्त तुझा श्वास ऐकू येत होता, घरघर, आणि तुझ्या पायापासून चार हातांवर तो नवरंग उभा होता, एकटाच न घाबरलेला. तो तुझ्याकडे बघत होता. मला माहीत आहे तू म्हणशील तो किड्याकडे बघत होता. पण मला ते तसं दिसलं नाही.

मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण का केलं ते तुला सांगायचं राहिलं. मी कातरीनला बाजूला घेऊन सांगितलं की हे लक्षण बरं नाही. हा पक्षी कशासाठी तरी थांबला आहे. त्याला जाऊ दे, म्हणजे इनासला बरं वाटेल. आणि दुसऱ्या दिवशी तुझा डोळा लागला आहे असं बघून मी गडगा ओलांडून आलो आणि नवरंगाला दगड मारला. लागला नाही. मी शाळेतसुद्धा कधी कुणाला खडू मारला नाही, इनास. तू डोळे मिटूनच बोललास.

“मास्तरा, धोंडो कोणाक मारतंस?”

“तुका नाय.”

“माझ्या बागेतलां पाखरू तां.”

“हे दिवस त्येचे न्हयत, इनास. कित्याक ऱ्हवलां तां हंय? तुका कळणा नाय?”

“पंख दुखता त्येचो. डावो. दुर्बिणीतसून बग.”

“उडताना बगलंय मी त्येका. काल फांदयेर बसलेलां.”

“फांदयेर उडणां येगळां आणि मुलूख ओलांडणां येगळां. माझेय पाय चुलीपर्यंत जातत. म्हणान आता गोव्याक चलत जावं?” मग तू डोळे उघडलेस. तसे डोळे मी तुझे कधी बघितले नव्हते. “आणि कातरीनीक काय सांगलंस तू? कालधरना रडता ती. मेल्या, मरणाक माझो पत्तो पाखराकडे इचारूक लागता?”

मी काहीतरी बोललो. शिकलेला असून तुला कळत नाही असं मी म्हणालो की तू मला म्हणालास, ते आता नीट आठवत नाही. शेवटी तू म्हणालास, “जा तू. माझ्या गडग्यार येव नको.” आणि मी आलो नाही. सात दिवस. पंधरा शरदांत आपण एवढे दिवस गप्प कधी नव्हतो. कातरीनही ओरडेनाशी झाली. मी सकाळी शाळेसाठी तरीवर, खाडीच्या होडीवर, जाताना तुझ्या खळ्याकडे न बघता जायचो आणि संध्याकाळी परतताना बघायचो, खुर्चीत तू आहेस ना तेवढं. तू असायचास. आणि तो रंगीत ठिपकाही असायचा.

आठव्या दिवशी सकाळी मी बावीवर आंघोळ करत होतो. कळशी डोक्यावर ओतली होती, कानात पाणी. गडग्याकडून कातरीनचा आवाज आला. “मास्तरानू! गेलो! गेलो वो!”

मी काय समजलो असेन, ते तुझ्याशिवाय कुणाला पटायचं नाही. आमच्या घरात बाई नवऱ्याबद्दल एकेरीत बोलत नाही. बाबा वारले तेव्हा आये ‘गेले गेले’ म्हणत जमिनीवर पडली. माझी बायको मी बाजारात गेलो तरी ‘ते गेले’ म्हणते. तुमच्यात ती रीत नाही, कातरीन तुला ‘तो’च म्हणायची, आणि हे मला शेजारी राहून पूर्ण माहीत होतं. पण माहीत असणं आणि अंगात मुरलेलं असणं यात फरक असतो. माझ्या कानाला बाईच्या तोंडचा ‘गेलो’ म्हणजे नवरा असूच शकत नव्हता. शिवाय महिनाभर तिच्या तोंडून मी पक्ष्यांशिवाय काही ऐकलेलं नव्हतं. तिचा आवाज फाटलेला होता, तो मला लांबून ओरडल्यामुळे वाटला.

आणि मला आनंद झाला, इनास. इतका आनंद, की हातातली कळशी बावीच्या कठड्यावर आपटली. गेला एकदाचा. तुझ्या खुर्चीभोवती फिरणारा गेला, आता तू वाचलास. भांडण गेलं, भीती गेली. मी छाती भरून ओरडलो, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं:

“जावंदे! बरां झालां! पीडा गेली एकदाची! येतलो फुडल्या पावसाक!”

पलीकडून काही उत्तर आलं नाही. मी म्हटलं, अजून रागावलेत. मी कपडे केले, छत्री घेतली आणि तरीवर गेलो. शाळा पलीकडे देवबागेत, खाडी ओलांडून. त्या दिवशी मी मुलांना नवरंगावर निबंध घातला. संध्याकाळी तुझ्याकडे यायचं मी ठरवलं होतं. माझी चूक झाली, तू म्हणालास तसा त्याचा पंखही दुखत नव्हता आणि माझा अपशकूनही खरा नव्हता, पाखरू आपलं उशिरा गेलं, असं म्हणायचं होतं. दगडाबद्दल माफी मागायची होती. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

परतीच्या तरीत मी एकटाच होतो. तारी वल्हं मारत म्हणाला, “मास्तर, इनास गेलो ना.”

“खंय गेलो?” मी विचारलं. मला वाटलं, तुला मालवणला दवाखान्यात नेलं.

तारीनं वल्हं पाण्यातून वर काढून धरलं आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात इगर्जीची घंटा सुरू झाली. एक टोला, मग खूप वेळ काही नाही, मग दुसरा. होडी पाण्यावर तशीच आडवी वाहत होती.

तुझ्या पेटीला मी खांदा दिला. माती दिली. कातरीनच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला झालं नाही, आणि तीही माझ्याकडे बघत नव्हती. आये तिच्याकडे रोज जाऊन बसायची. मी रोज शाळेत जायचो. सातव्या दिवसाची मीस, इगर्जीतली प्रार्थना, झाली तेव्हाही मी मागेच बसलो.

नंतर एकदा, शाळेला सुट्टी होती, मी तुझ्या खळ्यात गेलो. खुर्ची होती तिथेच होती. दुर्बीण तिच्या हातावर दोरीनं लटकत होती. नवरंग रातांब्याखाली पाचोळा उचकटत होता. मी पुष्कळ वेळ दुर्बीण डोळ्याला लावली नाही. मग लावली. डावा पंख खाली लोंबत होता. मिटताना तो पुरा मिटत नव्हता, निळ्याचा एक तुकडा बाहेर राहायचा. तू म्हणाला होतास तसंच. तू जिंकलास. एक जखमी पाखरू उडता येत नाही म्हणून मागे राहिलं आणि जिथे किडे मिळाले तिथे फिरलं, यापलीकडे त्यात काही नव्हतं. हे कळून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला त्या अपशकुनाचा आधार वाटायला लागला होता. पाखराला सगळं ठाऊक होतं असं मानलं, तर जे झालं ते कुणीतरी ठरवलेलं होतं. पाखराला काही ठाऊक नव्हतं, तर मग जे झालं त्यात माझं मी बोललेलं तेवढं उरतं. आता तूच येऊन तो वाद पुढं चालव. मी तुझी बाजू घ्यायला तयार आहे आणि मला ती झेपत नाही.

परवा नवरंग दिसला नाही. काल दिसला नाही. आज सकाळीही नाही. मांजरानं नेला असेल किंवा पंख बरा होऊन गेला असेल. उद्या चौथी सकाळ. गडग्यावर जाऊन ओरडायचं तर पलीकडे कोण आहे? तो शब्द माझ्या तोंडून निघणारही नाही. परीट मात्र आले आहेत, मळाभर. त्यांच्याकडे मी बघत नाही.

इथवर लिहून संध्याकाळी मी बाहेर आलो, तर कातरीन तुझ्या खुर्चीवरची धूळ पुसत होती. मी गडग्याशी गेलो. मला वाटलं, आज विचारलं नाही तर मी हे मनात घेऊनच म्हातारा होईन.

“कातरीनबाय, त्या सकाळी मी बावीरसून काय आरडलंय, तां इनासान ऐकल्यान?”

तिनं पुसणं थांबवलं नाही. “ऐकल्यान,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तू खुर्चीतून घसरलास, डोळे फिरवलेस, अंग थंड पडलं. तिला वाटलं संपलं. ती गडग्याकडे धावली आणि ओरडली. माझा आवाज आला. ती माझ्यावर चिडायच्या आधीच मागून तुझं हसणं ऐकू आलं. तू डोळे उघडले होतेस. दम लागत लागत तू तिला म्हणालास, “मास्तराक सांग, ह्यां पाखरू फुडल्या पावसाक येवचां नाय. बेगीन ये, आताच ये म्हणान सांग.”

“तासभर होतो मगे,” कातरीन म्हणाली. “सारको बावीकडे बगी. मी धावत काठार आयलंय, मास्तरानू. हाको मारलंय. दोनय हात करून बोलयलंय. तुमी तरीत होतात.”

हो, इनास. मी तरीत होतो आणि मी तिला बघितलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. गुडघाभर चिखलात उभी राहून ती दोन्ही हात वर करून हलवत होती. वारा उलटा होता, शब्द येत नव्हते. मला वाटलं, तू राग सोडलास, तूच तिला पाठवलंस. मी तरीत उभा राहिलो आणि काठच्या कांदळाच्या झाडीमागे ती दिसेनाशी होईपर्यंत हसत हसत तिला हात हलवत राहिलो.